दुपट्ट्याखालचं बोट

ज्याच्या हाताला टाके पडले आहेत, आणि बोट हलेल का असं विचारल्यावर डॉक्टर "बघू" म्हणून पुढच्या खाटेकडे निघून गेले आहेत, त्याच्यासाठी हे लिहितो आहे. त्या खाटेवर मीही होतो. मी डावखुरा आहे, त्यामुळे उजव्या हाताचं बोट कापलं गेलं तरी लिहिणं थांबलं नाही. भांडणं तर मुळीच थांबलं नाही.

माझं गाव गोंदिया जिल्ह्यातलं, कामठ्याजवळ. थोडी धानाची शेती आणि मुख्य धंदा बैलांचा. दुसऱ्याची गुरं चारण्यापासून सुरुवात केली, आज बाजारात माझी जोडी उभी राहिली की लोक आधी तिच्याकडे येतात. हे मला कोणी दिलेलं नाही, एकेक सौदा करून मिळवलं आहे.

आमच्या धंद्यात बोटांनी बोलतात. बैलजोडीचा भाव तोंडाने सांगत नाहीत. गिऱ्हाईक आणि मी समोरासमोर उभे राहतो, उजवे हात एकमेकांच्या हातात देतो आणि वरून खांद्यावरचा दुपट्टा टाकतो. त्याने एक बोट धरलं तर एक, दोन धरली तर दोन, अख्खा पंजा धरला तर पाच. भोवती कितीही माणसं उभी असोत, भाव दोघांनाच कळतो. सौद्यात डावा हात कोणी धरत नाही, म्हणून मी डावखुरा असूनही सौदा उजव्यानेच करत आलो. आणि उजव्या हातात अंगठ्याशेजारचं बोट सगळ्यात कामाचं, कारण प्रत्येक भाव तिथूनच सुरू होतो.

तेच बोट कापलं गेलं.

झाकण आलं नाही

गोठ्याला लागून माझी एक खोली आहे. बाजार नसला की मी तिथे लाकूडकाम करतो. बैलांची जुवं, बायकोचा पाट, मुलीचं टेबल. त्यासाठी गोंदियातल्या गुड्डू शेठच्या हार्डवेअरच्या दुकानातून विजेवर चालणारी करवत आणली होती, गोल पात्याची, हातात धरून चालवायची.

या करवतीला पात्याच्या खालच्या बाजूला एक झाकण असतं. पातं लाकडात शिरलं की झाकण मागे सरकतं, आणि लाकूड संपलं की स्प्रिंगच्या जोराने परत पात्यावर येतं. बटण सोडल्यावरही पातं थोडा वेळ फिरत राहतं. तेवढ्या वेळात माणसाला वाचवायचं काम या झाकणाचं.

त्या दुपारी मी सागवानाची फळी कापली, बटण सोडलं आणि रोजच्यासारखी करवत फळीवर टेकवली. झाकण आलंच नाही. मागेच अडकून बसलं. फिरतं पातं फळीवर उतरलं, करवत उसळून मागे आली आणि फळी धरलेल्या माझ्या उजव्या हातावर चढली.

दुखलं नाही. हे मुद्दाम सांगतो, कारण त्यामुळे मला वाटलं की आपण वाचलो. मग फळीचा रंग बदलला.

बायको, सुलोचना, अंगणात तांदूळ निवडत होती. करवतीचा आवाज थांबला तशी दारात आली, माझ्याकडे पाहिलं, आणि माझ्याच खांद्यावरचा दुपट्टा ओढून हाताला करकचून गुंडाळला. रडणं वगैरे तिने नंतरसाठी ठेवलं.

"हात वर धरा जी," म्हणाली. "आन तोंड बंद ठेवा. शिव्या देल्यानं रगत थांबत नाही."

बैलांसकट

माझा जुना भागीदार रेवाराम बाजारासाठी निघाला होता. त्याच्या पिकअपमध्ये मागे बैलजोडी चढवून बांधलेली होती. ती उतरवायला वेळ कोणाला? आम्ही पुढे बसलो, बैल मागे, आणि तशीच वरात गोंदियाच्या सरकारी दवाखान्याच्या फाटकातून आत गेली.

"अरे भाई, बैल अंदर नहीं आएगा!" चौकीदार आडवा आला.

"बैल कायले आत येते गा? त्याईले काय झालं?" रेवाराम ओरडला. "माणूस आत घे अन् बैलाले पाणी दाखव!"

चौकीदाराने खरंच बादली भरून आणली. त्या दिवशी एवढा चांगला वागलेला तो पहिला माणूस, म्हणून त्याला विसरलो नाही. आजारपणात अशा माणसांची आठवण ठेवावी. पुढे डोकं तापतं तेव्हा कामी येते.

तिथल्या डॉक्टरांनी रक्त थांबवलं आणि सांगितलं की बोट वाचवायचं असेल तर आत्ताच नागपूर गाठा. रेवारामने बैल एका ओळखीच्या गोठ्यात सोडले. त्यातला एक बैल त्या दिवशी विकला जायचा होता. रेवाराम अजूनही म्हणतो की माझ्या बोटापायी तो सौदा हुकला.

बघू

नागपूरला बोट वाकवणारी शीर आणि स्पर्शाची नस, कापलेल्या दोन्ही जोडल्या. दुसऱ्या दिवशी मोठे डॉक्टर खाटेजवळ आले.

"बोट राहिलं," ते म्हणाले. "वाकेल किती आणि स्पर्श कळेल किती, हे आज सांगता येत नाही."

"निम्मं तरी धरू?"

"काय निम्मं?"

"निम्मं बोट तरी पक्कं सांगा. वरचं पुढे बघू."

डॉक्टर हसले. "काका, हे ठरवून मिळत नाही. नस मुंगीच्या चालीने वाढते. बघू."

आयुष्यात पहिल्यांदा समोरच्याने भावच सांगितला नाही. मी चिडलो, पण कोणावर चिडावं ते कळेना. सकाळी राऊंड, मग ड्रेसिंग, मग जेवणाची गाडी, आणि उरलेला दिवस हात उशांच्या ढिगावर उंच ठेवून पडायचं, वर्गात हात वर केलेल्या मुलासारखं. माझ्याकडे कोणी बघत नव्हतं आणि मला प्रश्न एकच होता. दुपट्ट्याखाली हे बोट परत बोलेल का? बोलणार नसेल तर मी कोण? बाजारात नुसता उभा राहणारा एक माणूस.

दुपारी सुलोचना खाटेला टेकून डुलकी घ्यायची. तेव्हा मी चादरीखाली माझ्याच डाव्या हाताने ते बोट धरायचो आणि मनात विचारायचो, किती? डाव्या हाताला बोट लागायचं. बोटाला डावा हात लागायचा नाही. दुसऱ्याच कोणाचं बोट धरल्यासारखं वाटायचं.

एकदा सुलोचनाने ते पाहिलं.

"बैल नाही इकता आले तर धान लावू," ती म्हणाली. "लोक जगून नाही राहिले का?"

मी तिच्यावर असा ओरडलो की नर्स धावत आली. संध्याकाळपर्यंत सुलोचना माझ्याशी बोलली नाही. जेवण मात्र तिनेच भरवलं, एकेक घास असा कोंबला की उलट उत्तर द्यायला तोंड रिकामंच मिळू नये. ज्यांच्या घरी कोणी आजारी आहे त्यांना सांगतो, भांडण झालं तरी घास चुकवू नका. आमचं घर त्या घासांवर टिकलं.

ती करवत परत मागवलेली होती

मुलगी अर्चना गोंदियाला शिकते. तिने घरी जाऊन करवतीच्या बुडाशी चिकटवलेल्या पट्टीचा फोटो काढला आणि त्यावरचा नंबर मोबाईलमध्ये टाकून शोधलं. मग नागपूरला आली ती लालबुंद चेहऱ्याने. राग तिला माझ्याकडून मिळाला आहे.

"बाबा, ही करवत कंपनीने परत मागवलेली आहे. झाकणाची स्प्रिंग कमजोर आहे, झाकण उघडंच राहतं. 'वापर ताबडतोब थांबवा, दुकानात परत करा, बदली करवत मिळेल,' असं लिहिलंय."

"कधी लिहिलं?"

"तुमचं बोट कापलं जायच्या आधी. खूप आधी."

मी खाटेवरूनच डाव्या हाताने गुड्डू शेठला फोन लावला.

"भैया, नोटिस तो हमने लगाया था," तो म्हणाला. "दुकान में, काउंटर के पीछे."

रेवारामला बघायला पाठवलं. नोटीस होती. तिच्यासमोर रंगाच्या डब्यांची चळत छतापर्यंत रचलेली होती, आणि डब्यांच्या वर कागदाची फक्त कड दिसत होती. रेवाराम म्हणाला, "नोटीस वाचाची असन त पहिले अख्खा रंग इकत घ्या लागते."

माझा राग झाकणावर नाही. यंत्र आहे, बिघडतं. कंपनीने चूक ओळखली आणि माल परत मागवला, तेही बरोबर केलं. माझा राग यावर आहे की माझा फोन नंबर शेठकडे होता. दिवाळीची ऑफर सांगायला त्याच नंबरवर तो दरवर्षी फोन करतो. पंख्यावर सूट आहे हे मला कळलं, आणि पातं उघडं राहतं हे कळलं नाही.

मी घरी आल्यावर शेठने माणसाबरोबर नवी करवत पाठवली. सोबत एक कागद, की मला करवत बदलून मिळाली आणि माझी कसलीही तक्रार उरली नाही.

सुलोचना दारातच उभी राहिली. "सही कशी करतीन? उजवा हात बांधून हाय नं."

तो माणूस करवत घेऊन हळहळत परत गेला. मी डावखुरा आहे हे त्याला कोण सांगणार?

मॅडमशी सौदा

टाके निघाल्यावर गोंदियात व्यायामाला जायला लागलो. तिथल्या फिजिओथेरपीच्या नीलिमा मॅडम वयाने अर्चनापेक्षा थोड्याच मोठ्या. त्या म्हणायच्या वीस वेळा वाकवा, मी म्हणायचो दहा. त्या म्हणायच्या पंचवीस. असा उलटा भाव वाढवणारं गिऱ्हाईक मी पाहिलं नव्हतं.

आता माझ्या मूर्खपणाचं सांगतो, कारण या लिखाणाचा उपयोग झाला तर इथेच होईल.

मॅडम मला डोळे मिटायला लावायच्या आणि कापसाने किंवा बोथट काडीने बोटाला स्पर्श करून विचारायच्या, "आता लागतंय?" मला काहीच लागत नव्हतं. पण आयुष्यभर मी दुपट्ट्यावरच्या माणसाला वाचत आलो आहे. श्वास कधी थांबतो, आवाज कधी बारीक होतो, समोरच्याने मनात भाव कधी पक्का केला, हे मला डोळे मिटून कळतं. मॅडम स्पर्श करताना जरा श्वास धरायच्या आणि "लागतंय?" मधला "तं" थोडा लांबायचा. मी "हो" म्हणायचो. स्पर्श नसेल तेव्हा "नाही" म्हणायचो. एकदाही चुकलो नाही. मॅडम खूष, मी त्यांच्यापेक्षा खूष. मॅडमना फसवतोय असं वाटतच नव्हतं. चांगला भाव मिळतोय असं वाटत होतं.

बोट सुधारलं म्हणून त्यांनी जपायचे नियम सैल केले. त्याच आठवड्यात मी ठेल्यावर चहाचा काचेचा ग्लास त्या बोटाने धरून आरामात गप्पा मारत बसलो. शेजारी बसलेला रेवाराम म्हणाला, "खेमराज, बोट पाह्य तुझं." बोटाला हा एवढा फोड आला होता. मला पत्ताच नव्हता.

मॅडमनी फोड पाहिला. "डोळे मिटा," म्हणाल्या. श्वास धरला. आवाज लांबवला. "आता लागतंय?"

"हो. चांगलं लागतंय."

"डोळे उघडा, काका."

उघडले. त्यांचे दोन्ही हात मागे बांधलेले होते.

"मी हातच लावला नव्हता," त्या म्हणाल्या.

बाकावर बसलेली सुलोचना पदराआड हसली. बाजारात मला असं कोणी पकडलेलं नाही. मी मॅडमना हात जोडले, एका बोटाला फोड असताना जोडता येतात तेवढे. दवाखान्यात घासाघीस करू नका. मीठ-मिरचीचा भाव पाडा, औषधवाल्याशी भांडा, पण लागत नसेल तर लागत नाही म्हणा. खोटा "हो" आपल्याच बोटाला भाजतो.

धान, तांदूळ, तूर

मग खरा अभ्यास सुरू झाला. मॅडमनी सांगितलं की बोटाला पुन्हा शिकवावं लागेल. सुलोचनाने तीन टोपल्या मांडल्या, एकीत धान, एकीत तांदूळ, एकीत तूर. डोळ्यांवर दुपट्टा बांधायचा, बोट टोपलीत खुपसायचं आणि ओळखायचं. दुपट्टा तोच, पहिल्या दिवशी हाताला गुंडाळलेला. तिने धुतला होता, पण एका टोकाला तांबूस डाग राहिला.

सुलोचना परीक्षेला बसवायची आणि एक शब्द बोलायची नाही. श्वाससुद्धा दाबून ठेवायची. मॅडमनी तिला तसं शिकवून ठेवलं होतं.

पुष्कळ दिवस मी नापास झालो. रेवाराम माझे सौदे करायचा आणि संध्याकाळी येऊन सांगायचा की गिऱ्हाईक विचारत होतं, खेमराजभाऊ कुठे गेले. मी म्हणायचो, तुरीत बसलो आहे.

एका सकाळी बोट टोपलीत घातलं आणि काहीतरी टोचलं. अगदी बारीक, दूरवरून आल्यासारखं.

"धान," मी म्हणालो. "कुसळ टोचलं."

दुपट्टा काढून पाहिलं तर सुलोचनाचे डोळे भरून आले होते. "हो जी," म्हणाली, आणि लगेच, "उगाच अंदाजपंचे त नाही नं?"

आठवडाभर तीच परीक्षा चालली. मी पास होत गेलो. मॅडम म्हणाल्या, आता बाजारात जाऊन बघा. मी गेलो नाही. टोपलीतलं धान फसवत नाही, दुपट्ट्याखालचा माणूस फसवतो. बोट टोपलीत पास आणि बाजारात नापास झालं, तर पुढे काय हे मला बघायचं नव्हतं.

शेठ बाजारात आला

घरी बसून मी रिकामा मात्र नव्हतो. अर्चनाने करवतीचा आणि पट्टीवरच्या नंबराचा मोठा फोटो छापून आणला. वर लिहिलं, "ही करवत घरी असेल तर चालवू नका, दुकानात परत करा." आम्ही तो रेवारामच्या पिकअपच्या दोन्ही दारांना चिकटवला. बैलांची गाडी आमच्या भागातल्या सगळ्या बाजारांना जाते. लोक थांबून वाचायला लागले.

"माह्याजवळ हेच हाय गा," एकजण म्हणाला. "झाकण अडकते म्हणून मी तारेनं मागं बांधून ठेवलं."

हे वाचणाऱ्यांपैकी कोणी झाकण बांधून ठेवलं असेल, तर आधी उठा आणि ती तार सोडा. मग पुढे वाचा.

लोक करवती घेऊन गुड्डू शेठच्या दुकानात जाऊ लागले. रस्त्यापर्यंत गर्दी. कोणी रंगाचे डबे बाजूला करून नोटीस उघडी केली. शेवटी शेठ बैलबाजाराच्या दिवशी स्वतः आला. रेवारामने फोन केला, म्हणून मीही घाबरत घाबरत पोहोचलो.

"भैया, मेरी इज्जत का फालूदा मत करो," शेठ म्हणाला. "आप तो घर के आदमी हो. नई करवत ले लो, और ये फोटो निकालो."

"फोटो निघेल," मी म्हणालो. "तुम्ही पाच बाजारांत स्वतः बसायचं. पाटी लावून, भोंगा लावून. ज्याच्याकडे ही करवत आहे, त्याला तिथेच बदलून द्यायची. गावातला माणूस एका करवतीसाठी गोंदियाच्या चकरा मारणार नाही. बोट जाईपर्यंत ती चालवत बसेल."

"पाँच? दुकान कौन देखेगा? एक में बैठूँगा."

भोवती माणसं जमली. शेठचे वडील धानाचे व्यापारी होते, त्याला बोटांची भाषा येते हे मला ठाऊक होतं. चारचौघांत एकावरून वर चढायचं त्याला नव्हतं. त्याने हात पुढे केला.

"चलो, बाजार के कायदे से."

माझा हात तिथेच राहिला. रेवारामने माझ्याकडे पाहिलं. सगळ्यांना माहीत होतं. मग मी डागाचा दुपट्टा खांद्यावरून काढला आणि उजवा हात दिला.

पंजा दाबून मी पाच मागितले. शेठने कापलेलं बोट टाळून माझी करंगळी धरली. एक. मी हात झटकला, पुन्हा पंजा. त्याने दोन धरली. मी पुन्हा पंजा. तीन. त्याच्या कपाळावर घाम. शेवटी त्याने मान हलवली, मोठ्याने "ठीक है, जो तुम बोले वही" म्हणाला, आणि माझा पंजा धरून तसाच थांबला. श्वास मोकळा सोडला. आवाजात कुठे खोट नाही. चेहरा तर देवळातून आल्यासारखा. चेहऱ्यावर गेलो असतो, तर मी तिथेच "हो" म्हणालो असतो.

मी डोळे मिटले. करंगळीला त्याचं कातडं लागत होतं, घामट. पुढच्या दोन बोटांनाही. अंगठा त्याच्या मुठीत होता. आणि त्या बोटाला? मी थांबलो. शेठने माझ्या हाताचा हिशेब केला होता. मेलेलं बोट, धरलं काय अन् सोडलं काय, याला कुठे कळणार! उद्या म्हणाला असता, मैंने तो चार ही पकड़े थे.

पण बोटाला काहीतरी लागत होतं. कोरडं, जरा खरबरीत. सुताचं. बोटावर दुपट्टा टेकला होता. माणूस नव्हता.

"शेठ," मी डोळे न उघडता म्हणालो, "एक बोट बाहेर राहिलं."

"कौनसा?"

"तुमच्या करवतीनं कापलं ते."

रेवारामने अशी आरोळी ठोकली की बांधलेले बैल उठून उभे राहिले. माणसं हसायला लागली. शेठही हसला, दुसरं करणार काय? दुपट्ट्याखाली त्याने ते बोट धरलं, आणि राहिलेला सगळा राग त्यावर काढला.

झिणझिण्या कोपरापर्यंत गेल्या.

"हळू, शेठ," मी म्हणालो. "लागतंय."